अक्षरं टिकत नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. घरच्या शाळेला सुट्टी देणारी मीच, संपवणारी पण मीच. सकाळी तिघांना टेबलाला बसवलं. श्रेया चौदाची, तिची वर्गसमीकरणं चालू. ती शिकवायची तर आधी मलाच मोबाईलवर व्हिडिओ बघून घ्यावा लागतो. पूर्वी सहाची, तिला मणी ओवायला दिले. मधला ओंकार, दहाचा. त्याच्या पुढ्यात दुसरीचं मराठीचं पुस्तक.

एका परिच्छेदात अर्धी सकाळ गेली. 'मगर'ला 'गरम' म्हणाला. पुढं चित्रात नदी दिसली म्हणून 'पाणी' म्हणाला. लिहिलेलं होतं 'काठावर'. मग पोट दुखालंय म्हणून उठला तो मागच्या दारानं गेला. तिकडं श्रेयाचं उदाहरण अडलं, पू.चे मणी सांडले. मी मणी गोळा करत बसले.

संध्याकाळी हे फौंड्रीतून आल्यावर सांगितलं. नेहमीचं उत्तर. वाचायचं तेव्हा वाचेल, घाई करायची असती तर बेळगावातली शाळा काय वाईट होती. शाळेतून काढून इथं गुंजीला शेतावर राहायला आलो तेव्हापासून हेच ऐकते आहे. आधी पटायचं मला.

७ नोव्हेंबर

आज काही झालं नाही. म्हणजे काहीच झालं नाही. श्रे. एकटीच आपलं आपलं वाचत बसली, मी ओं.ला बाराखडी, परत बाराखडी. काल 'कि की' येत होतं. आज कोरं. जणू कधी बघितलंच नाही.

मी बी.एस्सी. आहे. लग्नाआधी दोन वर्षं ट्यूशन घेतली आहे. तरी…

९ नोव्हेंबर, रविवार

ओंकारनं आज ह्यांना गोष्ट वाचून दाखवली. कोल्ह्याची, श्रेया त्याला वाचून दाखवते ती. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, आवाज खणखणीत. हे खुश. माझ्याकडं असे बघाले, की बघ, मी काय म्हणत होतो.

मला पण क्षणभर वाटलं, आलं. मग पूर्वी त्याच्या खांद्यावरनं डोकावली आणि म्हणाली, "दादा, तू दोन पानं उलटलास. ह्या पानावर कोल्हा न्हायच."

ती वाचत होती. तिला मी अजून अ आ सोडून काही शिकवलेलं नाही. दादाला शिकवताना मणी ओवत ऐकत बसायची, तेवढंच. तिथंच बोट ठेवून तिनं दोन ओळी वाचल्या, न अडखळता.

ओंकारनं पुस्तक मिटलं. रडला नाही. पुस्तक नीट कपाटात ठेवलं आणि बाहेर गेला. पूर्वीला कळेना आपलं काय चुकलं. तिला जवळ घेतलं. पोरगी आपली आपण वाचायला शिकली आणि मला तिचं कौतुक करता आलं नाही.

हे पेपर समोर धरून बसले.

१० नोव्हेंबर

ओं. टेबलाला आला नाही. पेरूच्या झाडावर. हाक मारली, "आलो" म्हणाला. आला नाही.

११ नोव्हेंबर

नाही आला.

१४ नोव्हेंबर

जेवायला येतो, कामाला येतो. वासराला पाणी दाखवतो, न सांगता. पुस्तक दिसलं की उठतो. आज मी पुस्तक न घेता नुसती त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याला तेही कळलं. म्हणाला, "आई, मला शिकवू नको. तू शिकवलीस की मला लई भ्या वाटतंय."

शाळेतल्या बाईंना पोरं भितात. मला वाटायचं, घरी आईला कोण भिईल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आक्का आली निपाणीहून. माझी थोरली बहीण, तिकडं प्राथमिक शाळेत बाई आहे. मीच बोलावलं, ह्यांना न विचारता. तिनं ओंकारला कसं काय झाडावरनं उतरवलं कुणास ठाऊक. दोघं गोठ्याकडं बसून शेंगा खात होते, मध्येच ती मातीत काडीनं काहीतरी लिहायची. तासाभरानं आत आली.

म्हणाली, "पोरगं हुशार हाय गं. पण त्येच्यात अक्षरं टिकत न्हाईत. तुझ्या शिकवण्यात काय खोट न्हाई, आणि त्येच्यात आळस न्हाई. तपासून घे."

मला रडू आलं. 'तुझ्या शिकवण्यात काय खोट न्हाई' एवढं ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते वाटतं.

आक्का गेल्यावर ह्यांच्याशी भांडण. म्हणाले, एकदा कागदावर नाव पडलं की पोरगं जन्मभर तेच होऊन बसतं. मी म्हटलं, कागदाशिवाय काय झालंय ते झाडावर जाऊन बघा. मुलं आत होती. ऐकलं असणार.

२६ नोव्हेंबर

श्रेया आज भांडी घासता घासता बोलली. मी समोर नव्हते, पाठमोरी होते, म्हणून बोलली बहुतेक. जूनपासून खानापूरला हायस्कुलात जाते म्हणाली. आपल्या बोलीत, "मी शाळेला जातो आई." मी विचारलं, घरी काय कमी आहे. तर म्हणाली, "पूर्वी लहान म्हणून तिला खेळ. ओंकारला येत न्हाई म्हणून त्याला तू. मला येतंय म्हणून मला कोण न्हाई."

तक्रारीच्या सुरात नाही. हिशेब सांगावा तसं. पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि मी घासलं.

परत शाळेत जायचं तर नववीला घेतील का, मधल्या वर्षांचे दाखले कुठले दाखवणार, हे पण मलाच शोधायचं आहे.

३ डिसेंबर, बुधवार

बेळगावला ओं.ला घेऊन गेले. ह्यांना सांगून गेले, हे आले नाहीत. कामावर सुट्टी नाही म्हणाले.

तपासणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. ओं.शी हिंदीत गप्पा मारल्या, ठोकळे लावायला दिले, चित्रं दाखवली. तो खुलला. ठोकळ्यांत तर त्या म्हणाल्या वयाच्या पुढं आहे. मग वाचायचं आलं. त्यांच्याकडं तपासणीचे उतारे कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. मराठीत नाहीत.

ओंकारला कन्नड बोलता येतं, बाजारात सगळं विकत घेऊन येतो. वाचायला कधी शिकवलेलं नाही. इंग्रजी शाळेत होतं तेवढंच, ते पुसून गेलेलं. कन्नड उतारा पुढं ठेवला, बघत बसला. इंग्रजी ठेवला, बघत बसला. मॅडमनी मोकळेपणानं सांगितलं, न शिकवल्यामुळं येत नाही की शिकवून येत नाही, हे ह्यावरून मी लिहून देऊ शकत नाही. मराठीतली तपासणी कोल्हापूरला होईल. पण महाराष्ट्रातला कागद पुढं इकडच्या परीक्षेत सवलतीला चालेल का, ते त्यांना माहीत नाही.

निघताना विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. नाही म्हटलं.

परत येताना बसमध्ये ओं.नं विचारलं, "नापास झालो न्हवं?" मी म्हटलं, परीक्षा नव्हती रे ती. त्यानं मान हलवली, विश्वास नाही ठेवला.

५ डिसेंबर

कागदाचं विचारायला दोन ठिकाणी फोन केले. इकडचे म्हणाले तिकडं विचारा, तिकडचे म्हणाले इकडं. तिसरा फोन केला नाही. मुलं आपापल्या कोपऱ्यात होती. आज शाळा भरलीच नाही, आणि कुणी विचारलंही नाही का नाही भरली.

७ डिसेंबर, रविवार

हे लिहू की नको.

दुपारी ह्यांना मॅडमनी काय काय विचारलं ते सांगत होते. घरात आणखी कुणाला, हे पण सांगितलं. हे उठले, पाटाकडं गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मग चहा घेऊन मी गेले तर बांधावर बसलेले.

म्हणाले, "मला पाचवीपर्यंत वाचाय येत नव्हतं."

गुरुजी बाकावर उभं करून वाचायला लावायचे. वर्ग हसायचा. कधी कधी गुरुजी पण. हे आदल्या दिवशी थोरल्या भावाकडून धडा ऐकून पाठ करून जायचे, म्हणजे उभं केलं की म्हणता येईल. एकदा गुरुजींनी दुसराच धडा काढला.

पुढं काय झालं ते सांगितलं नाही.

लग्नाला सोळा वर्षं झाली. मेसेज लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. मला वाटायचं आळस. पत्रिका आली की "काय म्हणालेत बघ गं" म्हणून माझ्या हातात देतात. पेपर तासभर धरून बसतात. मला वाटायचं आवडीनं वाचतात.

म्हणून शाळा नको होती. पोरगा बाकावर उभा राहू नये म्हणून तिघांनाही घरी आणलं. आता रागवायचं कुणावर? परवापर्यंत राग होता, तो तरी आधार होता.

मी म्हटलं, एवढंच ओंकारला सांगा. तर म्हणाले, "नको. आपल्या आप्पाला सगळं येतंय असं वाटालंय त्याला. तेवढं तरी राहू दे."

१२ डिसेंबर

कोल्हापूरची वेळ मिळाली, पुढच्या महिन्यात. ओं.ला सांगितलं. "परत तेच काय?" म्हणाला. मी म्हटलं, ह्यावेळी मराठीत. म्हणाला, "मराठीत पण येत न्हाईच की."

पूर्वी हल्ली मोठ्यानं वाचत नाही. पुस्तक घेऊन कपाटामागं बसते आणि दादा आला की मिटते. कुणी सांगितलं नाही तिला. हे आणखी एक झालं.

श्रे.नं परत विषय काढला नाही. तेच जास्त लागतं. ह्यांच्याशी बोलले, मार्चनंतर बघू म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

२ जानेवारी

आज ओं. अर्धा तास टेबलाला बसला. बरं वाटलं. मग कळलं, श्रेयानं त्याच्याशी करार केलाय. तू बस, मी तुला मोबाईलवर गेम देतो. ती म्हणाली, "तू लई वाळालीस आई, म्हणून." आता ती मला सांभाळणार.

१७ जानेवारी, शनिवार

कोल्हापूर. सगळेच गेलो. पहाटे निघताना हे म्हणाले, मी पण येतो. कारण सांगितलं नाही.

तिथल्या बाई वयस्क, सावकाश बोलणाऱ्या. आत जायच्या आधी ओंकारला विचारलं, सोबत कोण हवं. मी उठले होते. त्यानं बोट ह्यांच्याकडं केलं. हे माझ्याकडं बघाले. ते बघणं मी विसरणार नाही. मग गेले आत. दार लागलं.

मी, श्रेया, पूर्वी बाहेर. श्रे. तिचं गणित काढून बसली. पू.नं भिंतीवरचे सगळे फलक वाचले, ओठातल्या ओठात. आतनं काही ऐकू येत नव्हतं. खूप वेळ लागला.

दोघं बाहेर आले. ह्यांची मान खाली. बाई म्हणाल्या, अहवाल पाठवते, मग परत बोलू. त्याआधी काही सांगणार नाही. ह्यांना मी काय झालं विचारलं, तर चला, गाडी चुकेल म्हणाले.

बसमध्ये हे पुढच्या सीटवर दोघी मुलींबरोबर. ओं. माझ्या शेजारी. कागल गेल्यावर आपणहून बोलला.

"मी वाचत न्हाई म्हणालो. मग आप्पा म्हणाले, आधी मी वाचतो. त्यांनी वाचलं."

"मग?"

"अडखळले. माझ्यासारखंच."

मी पुढं बघितलं. ह्यांचं डोकं खिडकीला टेकलेलं. झोपले होते की नाही सांगता येत नाही. मग तू वाचलंस का, विचारलं. थोडं, म्हणाला. जेवढं आलं तेवढं.

मला वाटलं, आता हलकं वाटत असेल पोराला. तर तो हळू आवाजात म्हणाला, "आई, आप्पा एवढे मोठे झाले, तरी गेलं न्हाई काय ते?"

निपाणी स्टँडात गाडी थांबली. पूर्वीला तहान लागली होती. मी पाणी आणायला उतरले.