माझं झालं

२ सप्टेंबर

डॉक्टरच्या टेबलावर हात आपटला. त्याचा चहा त्याच्याच कोटावर सांडला. बरं झालं!

म्हणतो, "आईंचं वजन आणखी उतरलंय. चाळीस किलोच्या खाली गेल्या तर पंप बसवणं धोक्याचं. अंगात ताकद नसेल तर ऑपरेशन झेपायचं नाही." अरे, आईचं हृदय औषधांना दाद देत नाही, आता पंप जोडणं हाच उपाय, हे सांगितलं कोणी? यानेच ना! मग आता काट्याचं खूळ कशाला? अकरा तारखेला पुन्हा वजन. भरलं तर ऑपरेशन. नाही भरलं तर — त्याने फाइल मिटली.

रखवालदाराने दंडाला धरून बाहेर काढलं. आणि जिन्यात नेमकी ती! तळमजल्यावर संशोधन करते ती. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. म्हणाली, "एवढा राग ठेवतोस कुठे रे? खिसे तर फाटलेत."

मेलो!

४ सप्टेंबर

सकाळी तिने आईचं रक्त घेतलं. मग डोक्यावर पारदर्शक टोप ठेवून श्वास मोजला. शरीर साखर जाळतंय की चरबी, ते म्हणे श्वासावरून कळतं. मी मुद्दामच जवळ उभा होतो. "हे कशासाठी?" विचारलं. अर्धं कळत होतं, तरी विचारलं. बोलत राहावी म्हणून.

म्हणाली, "हृदय इतकं थकलं की शरीर स्वतःलाच जाळायला लागतं. पण बायकांचं जळणं वेगळं असावं, असं मला वाटतं. आजवर मापं घेतली ती बहुतेक पुरुषांची. त्यांच्या मापाचा सदरा आपण काकूंना घालतोय." मग हळूच — "चरबी जळण्याचा काकूंचा आकडा सगळ्यांत वर आहे. असा मी अजून पाहिला नाही."

काय तिचे डोळे चमकले! माझी छाती फुगली. माझ्या आईचा आकडा!

आई टोपाखालून म्हणाली, "म्हणजे पहिला नंबर! आमच्याकडे याचा काही कधी आला नाही."

ती हसली. मी तिला 'तुम्ही' म्हणतो, ती मला 'तू'. 'तू' म्हणायचं धाडस कधी होणार?

५ सप्टेंबर

ती आली नाही. दिवस फुकट.

६ सप्टेंबर

बाबा दुकान बंद करून आले होते. मला बघितलं आणि सुरू! "शिक्षण अर्धवट, राग मात्र पूर्ण. कॉलेज सोडून काय दिवे लावलेस? गोदामात खोकी उचलतोस!"

म्हटलं, तुमची तर नाही ना उचलत? गेल्या महिन्यात शपथ घेतली ती घेतली. त्या घरच्या अन्नाला शिवणार नाही. मित्राच्या खोलीत पडतो, पण शिवणार नाही! आईसमोर ठणकावून सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं. बाबा तडक निघून गेले.

आईने ताट पुढे सरकवलं. "खा."
"तू?"
"माझं झालं मघाशीच. हे तुझंच ठेवलंय."

बरोबरच्या माणसालाही इथे ताट देतात, हे एक बरंय. मी कामावरून येईपर्यंत गार होतं, पण पोटभर असतं. फक्त बिनमिठाचं. आम्हाला कसलं पथ्य? उगाच!

८ सप्टेंबर

पुरुषांच्या वॉर्डातून आलो. प्रत्येक खाटेजवळ एक बायको, हातात चमचा. "अजून एक घास! माझी शपथ!" एक म्हातारा तोंड फिरवतोय, ती चमचा घेऊन त्याच्या पाठोपाठ. हसू आलं. आमच्या बायकांच्या वॉर्डात कसं शांत असतं. संध्याकाळी प्रत्येक खाटेवरून एकच ऐकू येतं — "माझं झालं, तू घे."

आईच्या श्वासाला फार पिकलेल्या फळासारखा वास येतो. मनगट तर दोन बोटांत मावतं. घाबरून तळमजल्यावर तिच्याकडे धावलो. ती म्हणाली, "चरबी जळते तेव्हा येतो तसा वास." मग थांबली. "पण एवढा? काकू रात्री नीट जेवतात ना रे? तपासणीला उपाशीपोटी म्हणजे फक्त रात्रीपासून. आदल्या दुपारपासून नव्हे. नाहीतर माझं सगळंच चुकेल."

भडकलो. माझ्या आईला मी उपाशी ठेवीन? म्हटलं, "रोज पूर्ण जेवते! मी असतो ना तिथे!"

तिने मान डोलावली. "तू सांगतोस म्हणजे झालं." माझ्या शब्दावर विश्वास ठेवला तिने!

रात्रभर तेच वाक्य घोळवत पडलो.

९ सप्टेंबर

आईचे ओठ निळसर. बोलताना मध्येच थांबते, दम घेते, मग वाक्य पुरं करते. परवा काटा. देवा, भर रे तेवढं वजन!

आणि मला विचारते काय? "दुपारी जेवलास का?"

१० सप्टेंबर

ती सहाला घरी जाते म्हणून गोदामातून लवकर पळालो. ती भेटली नाही. आईला तपासणीला नेलेलं. तेवढ्यात जेवणाची गाडी आली. वाढणाऱ्या मावशींनी ताट पुढे केलं. मी दुसरा हात पसरला. "आणि माझं? बरोबरच्याचं?"

"बरोबरच्याचं? तसलं इथे कधीच नव्हतं रे राजा. एक खाट, एक ताट."

गाडी पुढे गेली. मी ताट धरून तसाच उभा.

महिनाभर आईचं जेवण मी जेवलो. तिचा तो सगळ्यांत वरचा आकडा माझ्या पोटात आहे. उद्या सकाळी काट्याच्या आधी तळमजल्यावर जाऊन हे तिला सांगायचं. मग ती माझं तोंडही बघणार नाही. न बघो.

आई चाकाच्या खुर्चीतून परत आली. ताट बघून लगेच म्हणाली, "माझं झालं —"

तिच्यासमोर बाबांना फोन लावला. म्हटलं, "आज घरी जेवायला येतोय."

मग चमचा भरला.