हळदीच्या अंगठ्याची घडी

माय, आज घडी बसली. तुला सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून लिहायला घेतलं. दिवाळीनंतर मला लकवा मारून गेला. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवली होती. शेजारची बाई येता-जाता म्हणायची, "मशीन देऊन टाका ना मला, उगं गंजून राहिली." बोटांचा व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रोज कागदाच्या घड्या घालायला सांगितलं होतं. मला घडी येते ती एकच, तुझी.

हट्टा गावात हळद पॉलिश करायच्या ड्रमवर तू कामाला होतीस. मी लहान, तुझा डबा घेऊन यायचे, आपण बाभळीखाली बसायचो, तू कॅलेंडरचं जुनं पान चौकोनी फाडायचीस. कोपऱ्याला कोपरा लावून दोन तिरक्या घड्या, मग कागद उलटा करून मधोमध दोन सरळ. कोपरे जवळ आणले की कागद आपल्या आपण मिटून लहान चौकोन होतो. यावरच पुढं पक्षी, बेडूक, कमळ उभं राहतं म्हणे. मी विचारायचे, "पुढं काय?" तू म्हणायचीस, "पुढचं पुढं. आधी पाया बराबर येऊ दे." आणि त्याचं तोंड उघडून आत मूठभर फुटाणे टाकायचीस. तुला पुढचं येतच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. कागद मिटेना म्हणून मी जोर लावला की हातावर चापट बसायची. "काहून दाबून राहिलीस? उलटा केलास का आधी? कागदाला दोन्हीकडून सांगावं लागतं." तुझ्या अंगठ्याचं नख बारा महिने पिवळं, म्हणून जिथं घडी तिथं हळदीची रेघ उमटायची.

इतके दिवस मी कागदांचा ढीग केला, पण एकही मिटेना. हात गेला असंच धरून चालले होते. काल वैतागून शेजारणीला हो म्हणून टाकलं. ती आज संध्याकाळी मशीन न्यायला येणार होती. सकाळी वरणात हळद घातली, अंगठा माखला, तशीच शेवटचा म्हणून एक कागद घेऊन बसले. तो तरी काय, मिटेना. चिडून फेकणार तर पाहते, चारही पिवळ्या रेघा एकाच अंगाला. तुझ्या घडीत दोन या अंगाला असायच्या, दोन त्या. अगं बाई, मी कागद उलटाच करत नव्हते. हात बिचारा सांगितलं तेवढं करत होता, विसरलं होतं ते डोकं. नवा कागद घेतला, मधे उलटा केला, कोपरे जवळ आणले आणि तो मिटला. लेक आतून म्हणाली, "मम्मी, एकटीच काय हसून राहिलीस?" मी म्हटलं, "शेजारी सांगून ये, मशीन द्यायची न्हाई." इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दुपारी चादर काढली, लेकीकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि जुन्या फडक्यावर एक शिवण मारली.

सगळ्यांना सांगत होते, मला कशाचं भ्या? लई शिवलं, आता आराम. खोटं होतं ते. भ्याले होते, माय. हे पत्र डाव्या हातानं लिहिलं. एवढी एक ओळ उजव्यानं लिहिते आहे, वाकडी आली तरी वाचता येईल तुला.