भन्तेंच्या गावचा लाडू

११ ऑगस्ट ८९, शुक्र. मेहरूण.
भोजनदानाची पाळी आज आमची. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. जपानचे म्हातारे भन्ते वर्षावासाला, पावसाचे तीन महिने एकाच जागी राहायला, आपल्या विहारात आलेत, तर अख्ख्या वस्तीने जणू पैज लावलीय कोण जास्त तिखट करतं! भन्तेंनी दोन घास खाल्ले नि पाणी पीत बसले. चीवराखाली हाडं दिसतात. मी सरळ विचारलं, भन्तेजी, आपके गाँव में मीठा क्या बनता है? आधी हाताने नको नको. मग दाखवलं. चिकट भात कुटायचा, त्याचा लाडू, आत लाल बियांचं गोड पुरण, वरून पान गुंडाळायचं. मोची म्हणतात. सांगताना हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

१२, शनि.
विहार समितीचे नाना हजर. कुणी चुगली केली देव जाणे. "भन्तेंना आवड विचारायची नसते, सूनबाई. पात्रात पडेल ते खायचं, हा नियम."
म्हटलं, नाना, नियम त्यांना. वाढणारीला कुठेय? चूल माझी.
नाना लालबुंद. भन्तेंची तब्येत अशीच राहिली तर समिती त्यांना २१ला, सोमवारी, जीपने नागपूरला पाठवणार म्हणे. म्हणजे वर्षावास मोडणार. भन्तेंना ते मरणाहून वाईट. मी करणार म्हणजे करणार.

१३
बाजार पालथा घातला. लाल चवळी मिळाली. तांदळाला सगळे हसतात. "ताई, भात चिकट झाला की लोक तांदूळ परत आणतात, अन् तुम्ही मागून नेताय?" हसा.

१६, बुध.
सासूबाईंनी माहेरी, दोंडाईचाला, निरोप धाडला होता. त्यांचा भाऊ आज तांदूळ घेऊन आला. नवापूरकडच्या डोंगरातला, जाडा. "पाव्हनासले वाढू नको बरं, बठ्ठा गोळा व्हस." अहो मामा, सगळा गोळा होणारा तोच तर पाहिजे!

१८
सत्यानाश. सवयीने तांदूळ चोळचोळून धुतला, भरपूर पाण्यात शिजवला, वर पेज काढून टाकली. चिकटपणा सगळा मोरीत. भात कसा मोकळा, लग्नातल्यासारखा. रडूच आलं. दुपारी पुन्हा. या वेळी भिजवून, फडक्यात बांधून वाफवला. उखळात घातला तर सासूबाई, "शिजेल भात कोनी कुटस का? लोके हासतीन माय!" थोडा वेळ बघत बसल्या. मग मुसळ हिसकावून घेतलं माझ्या हातातून. मी पाण्याचा हात लावत गेले. झाला! रबरासारखा ताणला जातो.

२०, रवि.
पाळी नव्हती, भांडून घेतली. बारानंतर भन्ते जेवत नाहीत, म्हणून बाराच्या आत नेऊन वाढलं, केळीच्या पानात गुंडाळून. नाना समोरच, हाताची घडी घालून.
भन्तेंनी पान उघडलं. वास घेतला. खाल्लं. किती वेळ चावतच होते. मग म्हणाले, "ये हमारा नहीं है. हमारे में खुशबू नहीं."
वेलदोडा! जायफळ! पुरणाला हात लागला की आपोआप पडतंच. त्यांनी सांगितलंच नव्हतं नि मला विचारायचं सुचलं नाही. मेली ही सवय.
पण टाकलं नाही. सगळं खाल्लं. पात्र पुन्हा पुढे केलं, दुसरा घेतला. तोही संपवला. वर म्हणतात, "कल बिना खुशबू."
मागितलं! स्वतः, तोंडाने!
नाना माझ्याकडे बघेनात. बाहेर आल्यावर एवढंच, "जीप ठरलीय."
म्हटलं, उभी राहील. भन्ते जेवल्याशिवाय कुठे जात नसतात.
नियमाचं काय ते नाना नि भन्ते बघून घेतील. उद्या सकाळी जीप येणार, पाळीही आमची नाही. येऊ दे. तांदूळ भिजत घातलेत.