शिकाऊ लायसन्स, दुसऱ्यांदा

३ फेब्रुवारी १९८८

संपली! शिकाऊ लायसन्सची मुदत परवाच संपली आणि मला आज कळतंय! आमचे हे म्हणाले, "राहू दे ना आता. मी आहे की चालवायला."

राहू कसं देऊ? खाडीत मासळी उरलीय कुठे? रोज पहाटे मुंबईच्या धक्क्यावरून माल उचलायचा, बाळकुम ते डोंबिवली मासळीच्या पाट्या पोचवायच्या. यांची कंबर गेलीय. दोघांनी चालवला तरच टेंपो राहील, नाहीतर विकायचा. मी विकू देणार नाही!

५ फेब्रुवारी

आरटीओत गेलेले. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी विचारलं, "बाई, मागच्या टेस्टला काय झालेलं?"

काय सांगू! टेस्ट घेणारे साहेब म्हणाले डावीकडे घ्या, मी गेले उजवीकडे, थेट कुंपणात! बाबांना मुलगा नव्हता. दहाव्या वर्षापासून होडीचं सुकाणू माझ्या हातात. होडी डावीकडे न्यायची तर सुकाणू उजवीकडे ढकलायचं. हाताला तेच ठाऊक.

भाऊसाहेब पोट धरून हसले. मग मीपण. शिक्का मारला — नवी मुदत!

९ फेब्रुवारी

सराव. पुन्हा उलट्याच बाजूला वळवला! शेजारची ठमाबाई ओट्यावरून ओरडली, "गो बाय, ही काय होडी हाय?" अख्खी आळी हसली. मेली स्वतः सायकलवर तरी बसलीय का कधी!

हे चिडले नाहीत. म्हणाले, "शेवंती, होडी विसर. जिकडे जायचं तिकडेच हात." दहा वेळा सांगितलं, अकराव्यांदाही तसंच शांतपणे.

१४ फेब्रुवारी

मारुतीच्या देवळाला तीन फेऱ्या. एकदाही चुकले नाही!

२ मार्च

पास!!! आठचा आकडासुद्धा काढला! साहेब म्हणाले, "हात चांगला बसलाय, कोणी शिकवलं?" मी ऐटीत सांगितलं, मालकांनी. हे फाटकाबाहेरच थांबलेले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

आळीत पेढे वाटले. ठमाबाईने मलाच ओवाळलं आणि रडली वेडी.

९ मार्च

लायसन्स हातात आलं. जेवताना म्हटलं, तुमचं दाखवा ना, फोटो बघू कोणाचा बरा आलाय. हे भात कालवतच राहिले. मग म्हणाले, "नाहीये गं. बारा वर्षं तसाच चालवतोय. मला लिहिता येत नाही, फॉर्म लिहून द्या असं कोणाला सांगायची लाज वाटायची."

खूप रागवणार होते. जमलंच नाही. उद्या टेंपो मी चालवणार, हे शेजारी. आधी आरटीओत — यांचं शिकाऊ लायसन्स! फॉर्म मीच भरणार.