विठाबाईंचं गोंदण

कळंब, मंगळवार संध्याकाळ

देवळात हात जोडले, पण मन माझ्या फोटो स्टुडिओतच. उद्या विठाबाईंची तेरवी. त्यांचा एकच फोटो आहे. मुलगा रमेश म्हणाला होता, "माय जराशी उजळ करा, पाहुणे येतीन." मी फिल्टरवर फिल्टर लावत गेलो. चेहरा गोरा झाला, सुरकुत्या गेल्या. मला आवडलाही.

दुपारी त्यांची मुलगी शांता फोटो पाहून म्हणाली, "भाऊ, हे कोनाची माय होय? गोंदन काहून मिटवलं?"

कपाळावरचं गोंदण फिल्टरने डाग समजून पुसलं होतं. माझ्या कसं लक्षात आलं नाही?

"दागिने तं आमीच उतरवले तिचे. गोंदन तेवढं संगं गेलं. तेही तुमी काढून घेतलं!"

मग माउसने गोंदणाचे ठिपके पुन्हा रेखून पाहिले. शाई सांडल्यासारखे दिसतात. फिल्टर काढले की गोंदण परत येतं, पण सुरकुत्या आणि सावळा रंगही येतो. रमेशला फोन केला. तो तडकला, "मले गोराच पाह्यजे!"

गोंदण... शेवटी गोंदण असलेलाच फोटो फ्रेममध्ये बसवला. सकाळी रमेश येईल, चिडेल. फ्रेम त्याच्या हातात देईन आणि एवढंच म्हणेन, "पह्यले मायकडे पाह्य, मंग माह्याशी बोल."