हलका हात

३ फेब्रुवारी
आजपासून चाकणला नोकरी! एमआयडीसीच्या रस्त्यावरचं भाजलेल्या रुग्णांचं छोटं इस्पितळ. खोली कासारवाडीला मिळाली. बसमध्ये झोप पुरी होते, आणखी काय हवं? ड्रेसिंगचं सगळं इंदुताई बघतात. त्या इथल्याच गावच्या, आवाज असा की कंपनीच्या भोंग्याने लाजावं. त्यांनी रीत शिकवली. जखमेवर ओली गॉजपट्टी ठेवायची, वाळू द्यायची आणि वाळली की तशीच ओढायची. मेलेलं तिला चिकटून येतं, खालचं जिवंत मांस मोकळं होतं. इथे ‘बरं वाटतंय का’ कुणी विचारत नाही, ‘दुखतंय का’ विचारतात. पेशंट बोंबलला की इंदुताई खूश. ‘व्हय ना? मग जित्ता हायेस,’ म्हणत त्याला चहा पाठवतात. मला हसू आवरेना.

६ फेब्रुवारी
समाधान नावाचा पेशंट आहे, केजचा. फोर्जिंगच्या कारखान्यात तापलेलं लोखंड उजव्या हातावर पडलं. हात वाचेल, डॉक्टर म्हणतात. माझ्याच वयाचा मुलगा, पण पट्टी ओढताना त्याचं ओरडणं ऐकवेना. इंदुताईंची पाठ वळताच मी पट्टी सलाइनने भिजवली. अलगद सुटली, तिला काहीच चिकटलं नव्हतं. तो म्हणाला, सिस्टर, तुमचा हात लई हलका हाय. दिवसभर मनातल्या मनात मिरवत होते.

११ फेब्रुवारी
आता सगळ्यांना मीच हवी. मी सगळ्यांच्याच पट्ट्या भिजवते. वॉर्ड इतका शांत की कँटीनमधल्या कपबश्या ऐकू येतात. इंदुताईंनी रोखून विचारलं, पाणी घालतेस का? मी सरळ नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, भिजवलं तर मेलेलं तिथंच ऱ्हातं, अन् त्याला जागा गावली की ते पसरतं. जुन्या बायका घाबरवतात, झालं.

१५ फेब्रुवारी
समाधानला काही दुखत नाही. कोरडी पट्टी ओढून पाहिली, तरी नाही. जखमेभोवती आलेला पांढरेपणा कोपराच्या वर चढलाय. तिथे भाजलंच नव्हतं. तो स्वतःच्या हाताकडे बघतो आणि विचारतो, ह्यो कुणाचाय.
दुपारी माझ्या बोटांवर उकळता चहा सांडला. वाफ दिसली म्हणून कळलं.

१८ फेब्रुवारी
समाधानचा हात काढला. खांद्यापासून.
त्याच्या आईला फोनवर सांगितलं. ती रडली. मी ऐकत होते. मला वाईट वाटायला हवं. वाट बघितली, वाटलं नाही.
वॉर्डात कुणालाच चहा जात नाही.

२० फेब्रुवारी
माझा उजवा हात मनगटापर्यंत पांढरा. इंदुताईंना पट्ट्या भिजवल्याचं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पट्टी गुंडाळली, वाळेपर्यंत शेजारी बसल्या, ओढली. दुखतंय का?
काहीच नव्हतं. पण नाही म्हटलं तर कापतील. मी जोरात ओरडले.
त्यांनी डोळे पुसले. चहा पाठवला. गोड होता की नाही, कळलं नाही.

२२ फेब्रुवारी
आता कोपरापर्यंत. रोज ओरडते. समाधान ओरडायचा तसं — तेवढं अजून आठवतं.

२३ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. त्यातही पेन आहे, हे बघून कळतं —
इंदुताई समोर बसल्यात. पट्टी वाळलीय. त्यांनी ओढण्याआधीच मी ओरडले — फार मोठ्यांदा —
त्या थांबल्या. म्हणाल्या, न्हाई बघवत गं पोरी.
सलाइनची बाटली घेतली. त्यांनी — इंदुताईंनी —
नको म्हणायचंय. जीभ कुठे —
भिजवली. आता अलगद उचलतायत. पट्टीबरोबर काहीच येत नाही —
किती हलका हात