मेंढ्या धुवायचा ओढा

प्रिय क्लिफर्ड,

आडनाव बदलून तू शेर्बोर्न झालास, त्याचा मला राग नाही. शाळेत पोरं तुझ्यामागून ढुंगण हलवत चालायची, ते मी पाहिलंय. पण आपल्या नावातलं 'बॉटम' म्हणजे ढुंगण नव्हे रे, खोऱ्याचा तळ. बरी गावाजवळ मेंढ्या धुवायच्या ओढ्याचं खोरं होतं. लोकांच्या तोंडी घासून घासून त्याच्या नावाचं शफलबॉटम झालं.

परवा तुझी हॅरिएट आली होती. चहा घेताना तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "आत्या, चल, दाखव." तिथे गेल्यावर बूट काढून सरळ ओढ्यात उतरली.

"लग्नानंतर मी नवऱ्याचं आडनाव लावणार नाहीये."

"मग शेर्बोर्नच राहणार?"

"छे. ते बाबांनी कुठल्यातरी दुकानाच्या पाटीवरून उचललंय. मला तुझं दे."

"लोक हसतील."

"हसू देत. विसरणार तर नाहीत."

तुला इतक्यात सांगू नको म्हणाली, म्हणून हे पत्र टाकत नाही. लग्नात कळेलच. माझं लग्न झालं नाही, तू नाव टाकलंस. मला वाटायचं, माझ्या थडग्यावर कोरलं की हे नाव संपलं.

तुझी बहीण,
डोरीन शफलबॉटम
(शेवटून दुसरी)